जुन्या आवाजाचे हंबकर: फिफ्टीनाईन सेट बसवून आठ महिने झाले, त्याबद्दल

गिटारचा पिकप, म्हणजे तारांचा आवाज पकडणारा चुंबक आणि कॉइलचा भाग, बदलायचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला, "किती के?" म्हणजे मीटर लावल्यावर किती किलोओहम दाखवतो. मीसुद्धा दोन वर्षं सगळ्यांना हेच विचारत फिरलो आणि त्या आकड्याच्या नादात पहिल्या सेटचे पैसे पाण्यात घातले. दुसऱ्या वेळी मात्र नीट बघून, ऐकून, मोजून घेतलं. सेमूर डंकन कंपनीचा एसएच-वन हंबकर (दोन कॉइलचा पिकप), म्हणजे ज्याला सगळे फिफ्टीनाईन म्हणतात तो, नेकचा (गिटारच्या दांड्याकडचा) आणि ब्रिजचा (तारा टेकतात त्या पट्टीकडचा) दोन्ही. आठ महिने झाले, त्यात एक अख्खा पावसाळा, एक चवथ (गणेशचतुर्थी) आणि लग्नाचा सीझन काढला, म्हणून आता लिहायला हरकत नाही.

गिटार माझी म्हणजे गिब्सन कंपनीच्या लेस पॉल गिटारची कॉपी, कॉलेजात असताना सेकंडहँड घेतलेली. लाकूड बरं आहे, नेक तर हातात घेतल्यावर सोडवत नाही, पण आवाज असा की स्पीकरवर कोणीतरी घोंगडी टाकलीय. आम्ही गोव्यातल्या फोंड्याचे सहा जण, लग्नं, जत्रेतले कार्यक्रम, सार्वजनिक गणपतीसमोरचे ऑर्केस्ट्रा, सगळं करतो, त्यामुळे एकाच रात्री भावगीतामागे हलक्या कॉर्ड्स पण हव्यात आणि बारा वाजता पोरं नाचायला उठली की डिस्टॉर्शन, म्हणजे रॉकमधला मुद्दाम फाटलेला आवाज, पण. जुन्या पिकपवर सहा तारांची कॉर्ड वाजवली की सहा तारा एकत्र कालवून एकच गोळा बाहेर यायचा, हार्मोनियमवाले काका तर म्हणायचे तू कुठला सूर देतोस तेच कळत नाही रे.

आता जुना आवाज म्हणजे नक्की काय ते थोडं सांगतो, कारण दुकानात विंटेज हा शब्द कशालाही चिकटवतात. हंबकर बनवला गिब्सनच्या सेथ लव्हरने, अमेरिकेत कॅलामझूला. दोन कॉइल शेजारी शेजारी, एकीकडे चुंबकाचं एक टोक तर दुसरीकडे उलटं आणि वायरची दिशा पण उलट, त्यामुळे ट्यूबलाइट, ट्रान्सफॉर्मर वगैरेंची जी घरघर दोन्हीत शिरते ती एकमेकीत कटते आणि तारेचा आवाज मात्र जोडला जातो. १९५५ ला पेटंटचा अर्ज केला, मिळालं १९५९ ला. मधल्या काळात पिकपच्या पाठीवर ‘पेटंट अप्लाइड फॉर’ असा स्टिकर लावायचे, त्याच्यावरूनच पीएएफ हे नाव पडलं. लेस पॉलवर ते १९५७ पासून आले. आणि खरी गंमत अशी की त्या काळात कॉइल गुंडाळताना वेढे काटेकोर मोजले जात नव्हते, चुंबक पण अल्निको (अ‍ॅल्युमिनियम, निकेल, कोबाल्टचा मिश्रधातू) टू, थ्री, फोर, फाइव्ह जो हाताशी असेल तो, म्हणून एक पीएएफ दुसऱ्यासारखा वाजतोच असं नाही. कोणी साडेसात के, कोणी साडेआठ. मग "अस्सल पीएएफचा आवाज" म्हणून जो एकच आवाज विकतात तो कुठला?

मला आमचं घुमट हे वाद्य आठवतं. पूर्वी घोरपडीच्या कातड्याचं असायचं, ती प्रथा कायद्याने बंद झाली ते बरंच झालं, आता बकऱ्याचं कातडं लावतात. म्हातारी माणसं म्हणायची तो नाद गेला. पण चवथीला आरतीला बसा, चांगल्या हाताने मढवलेलं बकऱ्याचं घुमट काय बोलतं ते ऐका, आणि वाईट मढवलेलं असलं तर कातडं कुठलं का असेना, ठप्प. पिकपचं तसंच वाटतं मला. नावापेक्षा बनवणाऱ्याने वायर कुठली घेतली, ती कशी गुंडाळली, चुंबक कुठला टाकला, तळाची प्लेट कशाची, ते बघायचं.

पहिला सेट मी ऑनलाइन घेतला होता, विकणाऱ्याचं नाव घेत नाही. फोटोत झेब्रा (एक काळं, एक पांढरं) बॉबिन, वर पीएएफ लिहिलेलं, आणि आकडा मोठा, मला वाटलं जास्त के म्हणजे जास्त दम. घरी छोट्या अँपवर बरा वाटला. मग एका लग्नात, म्हापशाच्या बाजूला, मॉनिटर (स्टेजवर आमच्याकडे तोंड केलेला स्पीकर) माझ्या गुडघ्यापाशी ठेवलेला, डिस्टॉर्शन चालू केलं आणि नवरा-नवरी केक कापत असताना पिकपने अशी शिट्टी मारली की सगळा हॉल स्टेजकडे बघायला लागला. नॉब खाली केला तर थांबते, वर केला तर परत. त्या रात्री अर्धी गाणी मी साधीच वाजवली. दुसऱ्या दिवशी खोलून बघितलं तर आत सिरॅमिक चुंबक, कव्हर पितळेचं आणि ते नुसतं दोन टिपक्या सोल्डरवर उभं, बोटाने दाबलं की हलायचं, आत मेणाचा थेंब नाही. जुन्या पीएएफचं कव्हर निकेल-सिल्वरचं असतं, पितळ जाड असलं की वरचे सूर खातं. आणि जास्त के म्हणजे बहुतेकदा जास्त वेढे किंवा बारीक वायर, आणि वेढे वाढले की आवाज जाडा होतो, वरची धार जाते, जुन्या आवाजाच्या बरोब्बर उलटं.

मेणाबद्दल एवढं का सांगतोय, तर निवड शेवटी तिथेच ठरली. पिकप वितळलेल्या मेणात बुडवून काढतात म्हणजे आतल्या वायरी, कव्हर काही थरथरत नाही आणि शिट्टी येत नाही. जुने पीएएफ असे बुडवलेले नव्हते. म्हणून जे अगदी जुन्यासारखे बनवतात तेही बुडवत नाहीत. माझ्या एका मित्राच्या गिटारला सेथ लव्हर मॉडेल आहे, सेमूर डंकनने खुद्द सेथ लव्हरबरोबर बसून बनवलेलं, अल्निको टू, बिनमेणाचं. आम्ही त्याच्या घरी म्हार्दोळला दुपारभर वाजवलं. काय सांगू, नेक पिकपवर साधी ए मायनर लावली तर प्रत्येक तार वेगळी, वर थोडी हवा असल्यासारखी, आणि बोट लागल्याचा आवाज सुद्धा ऐकू येतो. क्लीन वाजवणाऱ्याने, घरी किंवा स्टुडिओत वाजवणाऱ्याने डोळे मिटून तो घ्यावा, मला अजूनही तो आवाज आठवतो. पण मी जिथे वाजवतो तिथे स्टेज म्हणजे बारा बाय दहाचं फळकूट, ड्रमर पाठीला, मॉनिटर पायाला. तिथे मला मेण हवंच. हा पिकपचा दोष नाही, तो मुद्दामच तसा बनवलाय, माझी जागा वेगळी आहे इतकंच.

तर मग फिफ्टीनाईन. मेणात बुडवलेला, अल्निको फाइव्ह चुंबक, ४२ गेजची प्लेन एनॅमल वायर, जुन्यांना होती तशी. कंपनीचे आकडे नेकला ७.४३ के आणि ब्रिजला ८.१३ के. घ्यायच्या आधी दोन गोष्टी तपासल्या आणि त्या तुम्हीही तपासा. पहिली, तारांमधलं अंतर. पहिल्या स्क्रूच्या मध्यापासून सहाव्याच्या मध्यापर्यंत साध्या हंबकरला ४९.२ मिलिमीटर असतं, आणि ट्रेमोलोवाल्या (सूर हलवायचा दांडा असलेल्या) गिटारच्या ब्रिजसाठी रुंद येतो, साधारण साडेबावन्न, ह्या कंपनीत त्याला ट्रेमबकर म्हणतात, दुसरीकडे एफ-स्पेस म्हणतात. माझ्या कॉपीवर ब्रिजपाशी तारा बावन्नाच्या आसपास भरल्या, नेकपाशी पन्नासच्या, म्हणून ब्रिजला रुंद आणि नेकला साधा मागवला. दुसरी, मागची वायर. एक जाळीवाली जुन्या पद्धतीची येते आणि एक चार वायरींची. दिसायला जाळीवाली सुंदर, पण मी चार वायरींची घेतली, कारण कधी नेक आणि ब्रिज वेगवेगळ्या कंपनीचे लावले आणि मधल्या स्विचवर (दोन्ही पिकप एकदम चालू) आवाज पातळ, नाकातून आल्यासारखा झाला तर दोन वायरी उलटवल्या की काम होतं. जाळीवाल्यात जाळी म्हणजेच ग्राउंड, मग चुंबक काढून फिरवावा लागतो. फ्लीटवुड मॅक बँडच्या पीटर ग्रीनच्या १९५९ च्या लेस पॉलचा तो प्रसिद्ध मधल्या स्विचचा आवाज ह्याच उलट फेजमुळे, पण लग्नात तो आवाज कोणालाच नको असतो.

बसवायला मडगावला नेली, तिथे एक अंकल आहेत, साठी उलटलेले, अँप, माइक, गिटार सगळं दुरुस्त करतात. मे महिना, दुकानात पंखा गरम हवा फेकतोय, आणि मी मीटर लावला तर नेक पिकप ७.७ दाखवतो! माझा चेहराच उतरला, म्हटलं परत फसवलं की काय. अंकलनी पिकप हातात धरला, म्हणाले बाहेर गर्मी बघ किती, तांबं तापलं की ओहम वाढतात. खरंच आहे, तांब्याचा रेझिस्टन्स दर डिग्रीला साधारण ०.४ टक्के वाढतो, कंपनीवाले थंड खोलीत मोजणार, आणि आमच्याकडे तेहतीस-चौतीस डिग्रीत तोच पिकप चारपाच टक्के जास्त दाखवणार. जानेवारीत पहाटे मोजला तर खाली उतरलेला असेल. मग हसून म्हणाले, "पुता, आवाज कानांनी आयकुंक जाय, मिटरान न्हय." आवाज कानांनी ऐकायचा, मीटरने नाही, ते वाक्य मी तेव्हापासून किती जणांना ऐकवलंय.

त्यांनी पॉट, म्हणजे व्हॉल्यूम आणि टोनच्या नॉबखालचे भाग, पण बदलायला लावले. आधीचे छोटे पॉट होते, त्यातले दोन पाचशे के च्या ऐवजी बरेच कमी भरत होते आणि ते वरचे सूर गिळत होते. पाचशे के चे पूर्ण आकाराचे चार, टोनला ०.०२२ मायक्रोफॅरडचे कॅपॅसिटर, आणि टोनची वायरिंग पन्नासच्या दशकातली, म्हणजे कॅपॅसिटर व्हॉल्यूम पॉटच्या मधल्या पायावरून. त्याचा फायदा असा की व्हॉल्यूम कमी केला तरी आवाज मेंगळट होत नाही. माझं मत विचाराल तर पिकप घ्यायला पैसे नसतील तर आधी पॉट आणि ही वायरिंग करा, थोडक्या पैशात निम्मी घोंगडी उतरते.

आता आवाज. नेक पिकप मला फार आवडला. खालची ई तार गोल, पण घट्ट, लोंबत नाही. भावगीताच्या मागे बोटांनी वाजवतो तेव्हा गायकाच्या वाटेत येत नाही, कारण ह्याचे मधले सूर जरा दबलेले आहेत आणि माणसाचा आवाज तिथेच असतो. हार्मोनियमवाले काका पहिल्याच रिहर्सलला काही न बोलता मान हलवत होते, तेवढं मला पुरे. ब्रिज पिकपबद्दल मात्र मला थोडं वेगळं सांगायचंय. क्लीनवर पूर्ण दहावर ठेवला तर टोकदार वाटतो, कानाला टोचतो, विशेषतः हॉलमध्ये फरशी आणि काचा असतील तर. व्हॉल्यूम आठवर आणला, टोन सातवर, की मग जागेवर येतो. डिस्टॉर्शनवर तोच टोकदारपणा कामाला येतो, ढोल-कीबोर्डच्या गर्दीतून सोलो कापत बाहेर येतो. दम भरपूर हवा, मेटल वाजवायचंय, त्याने हा ब्रिजला लावू नये, बरेच जण नेकला फिफ्टीनाईन आणि ब्रिजला त्याच कंपनीचा जास्त दमाचा जेबी लावतात ते त्याचसाठी.

शिट्टी एकदाही नाही. त्याच म्हापशाच्या बाजूच्या हॉलमध्ये परत वाजवलं, मॉनिटर परत गुडघ्यापाशी, मी मुद्दाम डिस्टॉर्शन चालू ठेवून तार न दाबता उभा राहिलो, शांत.

उंचीवर खूप वेळ घालवा, मी चार रिहर्सल घातल्या. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून धरायची आणि पिकपपर्यंतचं अंतर बघायचं, गिब्सनचा हिशोब नेकला साधारण २.४ मिलिमीटर आणि ब्रिजला १.६. मी नेक त्याहूनही थोडा खाली घेतला, तीनच्या जवळ, आणि मग स्क्रूड्रायव्हरने डी आणि जी तारांखालचे स्क्रू पाव फेरा वर. अंगठीतला खडा घट्ट करतात तसं नाजूक काम आहे, पण एका पाव फेऱ्याने कॉर्डमधली मेलेली तार जिवंत होते, ते स्वतः ऐकल्याशिवाय पटत नाही.

एक गोष्ट आपल्याकडच्यांसाठी. मंडपात अर्थिंग नसलं, जनरेटर असला, तर कुठलाही हंबकर गुणगुणणारच, तारांना हात लावल्यावर आवाज कमी झाला तर समजायचं शिल्डिंगचा किंवा अर्थिंगचा प्रश्न आहे, पिकपला दोष देऊ नका. आणि निकेलची कव्हरं खाऱ्या हवेत सहा महिन्यात काळवंडतात, माझी आत्ताच तांदळाच्या पेजेसारखी धुरकट झालीत. आवाजाला काही होत नाही. फक्त घाम लागला की सुक्या कपड्याने पुसून ठेवतो आणि पावसाळ्यात केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाकतो, पॉट खरखरायला लागू नये म्हणून.

ब्रिजच्या टोकदारपणावर एक उपाय बाकी आहे. आतला अल्निको फाइव्ह काढून अल्निको टू टाकायचा, तो मऊ पडतो, वरचे सूर थोडे बसतात. चुंबक आणून ठेवलाय, कागदात गुंडाळून, त्याच्या एका बाजूला पेनाने खूण पण केलीय, म्हणजे उलटा बसणार नाही. पुढच्या महिन्यात दोन लग्नं आहेत, ती झाली की अंकलकडे घेऊन जाणार.