आधी चंद्र की मंगळ?

काल तलावपाळीच्या कठड्यावर बसून लेकीने विचारलं, "बाबा, माणसांनी तिकडे घर आधी कुठे बांधायचं?" पाण्यात चंद्र हलत होता. मी म्हटलं, चंद्रावर. ३ दिवसांत पोचता येतं, रेडिओवरची हाक सव्वा सेकंदात जाते. मंगळाला ६ ते ९ महिने, आणि निघायचा मुहूर्त साधारण २६ महिन्यांनी एकदा. कुणी आजारी पडलं तर परत कसं आणणार? माझा जीव तिथेच अडकतो.

मंगळाचं पारडंही हलकं नाही. दिवस जवळजवळ आपल्याएवढाच, आणि तिथल्या कार्बन डायऑक्साइडमधून २०२१मध्ये ऑक्सिजन काढून दाखवलाय. चंद्राची रात्र १४ दिवसांची. चांद्रयान-३चे विक्रम लँडर आणि प्रज्ञान रोव्हर त्या थंडीत झोपले ते उठलेच नाहीत. तरी दक्षिण ध्रुवाजवळ सावलीतल्या विवरांत बर्फ आहे.

लेक मात्र मंगळावरच अडून बसली आहे.