नौपाड्यातील बालमानसोपचार क्लिनिक: औषध का देत नाही, हेही समजावून सांगणारे डॉक्टर

आमची मुलगी सात वर्षांची आहे. शाळेच्या फाटकाशी आईला बिलगून हाका मारत राहणे आणि अनोळखी माणूस दिसताच जागच्या जागी थिजणे, या दोन तक्रारींसाठी आम्ही या क्लिनिकमध्ये तिला नेतो.

पहिल्याच भेटीत मी डायझेपाम या चिंता कमी करणाऱ्या औषधाबद्दल विचारले. डॉक्टरांनी प्रश्न झटकून टाकला नाही. कागदावर तीन चौकोन काढून त्यांनी नेड केलिन आणि स्टीव्हन शेल्टन यांचे विस्कॉन्सिन विद्यापीठातील, १९८९ साली ‘सायन्स’ या विज्ञान-नियतकालिकात प्रसिद्ध झालेले संशोधन उलगडून सांगितले. ऱ्हीसस माकडाचे पिल्लू आईपासून दूर एकटे ठेवले की ते तिला साद घालत राहते. अनोळखी माणूस नजर न भिडवता पिंजऱ्याजवळ उभा राहिला की ते थिजते. आणि तोच माणूस टक लावून पाहू लागला की ते भुंकल्यासारखा आवाज काढून त्याला धमकावते. डायझेपामने थिजणे आणि भुंकणे कमी झाले, आईला घातलेली साद मात्र जवळजवळ तशीच राहिली; उलट मॉर्फिनने साद कमी झाली, पण इतर दोन्ही प्रतिक्रियांवर परिणाम झाला नाही. डायझेपाम मेंदूतील ‘गाबा’ या शांतवणाऱ्या रसायनाचा प्रभाव वाढवते, तर आईच्या ओढीशी मेंदूतील ओपिऑइड यंत्रणेचा, म्हणजे मॉर्फिन जिच्यावर काम करते त्या यंत्रणेचा, संबंध दिसतो. आपण सगळ्यालाच ‘घाबरते’ म्हणतो, पण त्यामागच्या यंत्रणा निराळ्या असू शकतात, हे मला तेव्हा प्रथमच उमगले.

पिल्लांचे निष्कर्ष मुलांना जसेच्या तसे लावायचे नसतात, हेही त्यांनी निक्षून सांगितले. डायझेपामसारख्या गोळ्यांनी सुस्ती येते आणि सवय लागू शकते, म्हणून मुलांच्या अशा चिंतेवर आधी वर्तनोपचार करतात आणि गरज पडल्यास दुसऱ्या गटातील औषधांचा विचार होतो, असे सांगून त्यांनी फाटकावरच्या निरोपाचा वेळ हळूहळू कमी करण्याचा तक्ता आमच्याकडूनच लिहून घेतला. मुलीशी बोलताना ते तिच्याकडे रोखून न पाहता शेजारी बसून रंगकाम करतात, ही गोष्ट मला फार मोलाची वाटली.

उणीव एकच, संध्याकाळची वेळ लवकर मिळत नाही आणि प्रतीक्षाकक्ष इतका अरुंद आहे की बुजऱ्या मुलांना तिथेच अनोळखी माणसांना खेटून बसावे लागते. शक्य असल्यास सकाळची पहिली वेळ घ्यावी.