गणपतीचा कारखाना की कंपनीची नोकरी? पेणच्या पोरांसाठी एक हिशेब

हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत या पट्ट्यात आयटीआय झालं किंवा बारावी झाली की घरोघरी एकच प्रश्न निघतो. घरचा कारखाना पुढे चालवायचा की डोलवी, नागोठणे, धाटावच्या बाजूला कुठेतरी कंपनीत लागायचं? मी नोकरी धरली आणि ब्रश सोडला नाही. म्हणजे माझा तराजू आधीच एका बाजूला झुकलेला आहे, ते लक्षात ठेवूनच पुढचं वाचा. शाडू कसा मळतात, साचा कसा भरतात हे इथे सांगत नाही. ते पाहतच तुम्ही मोठे झाला आहात.

कामाच्या गोडीचा मुद्दा घेतला तर नोकरीच्या बाजूने बोलण्यासारखं काही नाही. नुसती आखणी, म्हणजे डोळे रंगवायचं काम, बघा. एक फुटी मूर्तीचा डोळा बोटाच्या पेराहून लहान. आधी पांढरा भरून वाळू द्यायचा, मग वरच्या पापणीची रेघ आतल्या कोपऱ्यातून बाहेर एका दमात ओढायची, मग बुबुळ, त्यात काळा, आणि शेवटी पांढरा ठिपका, दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला. सोंड मध्ये येते म्हणून बसल्या जागेवरून दोन्ही डोळे सारखे दिसत नाहीत. एक झाला की पाट फिरवून समोरून बघायचं, मगच दुसऱ्याला हात घालायचा. नजर किंचित खाली हवी, कारण मूर्ती चौरंगावर बसणार आणि माणूस पुढ्यात येणार. बुबुळ केसभर वर गेलं की गणपती माणसाच्या डोक्यावरून भिंतीकडे बघतो. चुकलं तर नुसतं पुसून भागत नाही. अंगाचा रंग पुन्हा मारावा लागतो, आणि तेवढाच ठिगळासारखा मारला तर डाग दिसतो. घासकामापासून, म्हणजे मूर्ती घासून गुळगुळीत करण्यापासून, सुरू करून डोळ्यांपर्यंत यायला तीन-चार हंगाम सहज जातात. एवढं शिकलेल्या हाताला मशीनचं बटण दाबायला सांगणं जिवावर येतं, हे खरंच आहे.

पण धंदा हातावर चालत नाही, भांडवलावर चालतो, आणि हे भांडवल वर्षभर अडकून राहतं. दसरा-दिवाळीनंतर माती, पीओपी, काथ्या भरायचा, साचे दुरुस्त करायचे, होळीपर्यंत कच्चा माल, म्हणजे बिनरंगाच्या मूर्ती, रचून ठेवायचा, पावसाळ्यात रंग. रोकड हाती येते ती शेवटच्या काही आठवड्यांत. त्यातही सण दरवर्षी सरकतो. २०२४ ला चतुर्थी ७ सप्टेंबरला होती, २०२५ ला २७ ऑगस्टला, म्हणजे हंगाम ३५४ दिवसांचा. २०२६ ला अधिक ज्येष्ठामुळे ती १४ सप्टेंबरला, म्हणजे ३८३ दिवस. चार लाख रुपये बारा टक्क्यांनी उचलले असतील तर महिन्याचं व्याज चार हजार, आणि अधिक महिना आला की तेवढेच आणखी चार हजार, एकही जादा मूर्ती न विकता. पंचांग बघून कर्ज घेणारा कारखानदार मी अजून पाहिला नाही, पण घ्यायला हवं.

नियमांचंही तसंच. २०२० साली सरकारने घरगुती मूर्तीला दोन फूट आणि सार्वजनिक मूर्तीला चार फुटांची मर्यादा घातली ती जुलैत. तोवर मोठ्या मूर्ती उभ्या राहिल्या होत्या. त्याच वर्षी मे महिन्यात केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची पीओपी बंद करणारी नियमावली आली, पुढे ढकलली गेली, जानेवारी २०२५ च्या अखेरीस उच्च न्यायालयाने ती काटेकोर पाळा म्हणून सांगितलं, आणि जूनमध्ये मूर्ती घडवायला-विकायला मोकळीक मिळाली, विसर्जनाच्या अटी ठेवून. कोण बरोबर कोण चूक, तो वाद बाजूला ठेवू. कारखान्याच्या दृष्टीने खरी अडचण एवढीच की जानेवारीत निकाल येतो तेव्हा निम्मा माल साच्यातून निघालेला असतो.

‘मग शाडूच करू’ असं म्हणणाऱ्यांनी जुलै महिना आठवावा. शाडूची मूर्ती एरवी आठ-दहा दिवसांत वाळते, झड लागली की पंधरा दिवसही पुरत नाहीत. उन्हात किंवा पंख्यासमोर घाई केली तर सोंडेच्या जोडाला नाहीतर मांडीच्या कडेला तडा. वरून वाळलेली दिसते, पण बैठकीत ओल असते, कारण माती तिथे सगळ्यात जाड. हाताची मागची बाजू बैठकीला लावून बघा. गार लागली तर रंगाला घेऊ नका. घेतलीत तर दुकानात पोचेपर्यंत रंग फुगतो आणि पोपडा सुटतो.

आणि तो पोपडा पुढे कुठे नडतो, तर ज्या एका गोष्टीने माझा निर्णय झाला तिथेच. वसुलीत.

आकडे नुसते धरून चालू, भाव तुमचे तुम्ही घाला. एक फुटी ५०० नग, ठोक भाव ९००, म्हणजे साडेचार लाखांचा माल. व्यापारी बयाणा देतो दीड लाख, माल उचलताना दीड लाख, उरलेले दीड लाख ‘विकल्यावर’. पहिल्या तीन लाखांत माती, रंग, रोजंदारी, वीज, व्याज हे सगळं जातं. म्हणजे वर्षाची तुमची कमाई त्या शेवटच्या दीड लाखातच आहे. अनंत चतुर्दशी झाली की तिकडून हिशेब येतो: वीस नग तुटले, चाळीस उरले. साठ नगांचे चोपन्न हजार वजा. तुटले ते तुमच्या पेंढ्याच्या बांधणीत तुटले की त्याच्या पोराच्या हातून, हे ठरवायला तिथे कोणी नव्हतं. आखलेला डोळा, सोनेरी, पितांबर सगळं ठीक, फक्त एका बोटाचं टोक गेलं, तरी पूर्ण नग कापतो. कमाईचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग एका फोनवर गेला. उरलेले शहाण्णव हजारही एकदम येत नाहीत. वीस आता, दहा दिवाळीला, बाकी ‘बघू’.

असं का चालतं, तेही समजून घ्या. चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी न विकलेल्या मूर्तीची किंमत शून्य, त्यामुळे तोटा कोणाच्या तरी अंगावर पडणारच, आणि ज्याच्याकडे पैसे अडकलेले आहेत तो आपल्या अंगावर घेत नाही. परत आलेली पीओपीची मूर्ती पुढच्या वर्षी चालते म्हणतात, पण धूळ, ओरखडे, जुनं डिझाइन यामुळे तिला पुन्हा रंगाचा खर्च लागतो आणि भाव मात्र पडेल मिळतो. दुसरं असं की व्यापाऱ्याला गावात शंभर दारं आहेत, तुम्हाला तो एकच. तिसरं सगळ्यात वाईट: ऑक्टोबर-नोव्हेंबरात तुम्हाला पुढच्या मातीसाठी रोकड लागते, हे त्याला पक्कं माहीत असतं. तेव्हा तो म्हणतो, साठ हजार घ्या आणि मिटवा. आणि आपण मिटवतो.

कायदा आपल्या बाजूने आहे. उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंदणी, असेल तर २००६ च्या लघुउद्योग कायद्याप्रमाणे लेखी करारावर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, उशीर झाला तर चक्रवाढ व्याजासह. पण आपला व्यवहार चालतो वहीवर, बिलाशिवाय, आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची त्याच्याकडूनच पुढचा बयाणा यायचा असतो. गौरी-गणपतीच्या दिवसांत घरी पाहुणे असताना ओसरीवर जाऊन ‘शेठ, तेवढं बघा की’ म्हणायचं, हा त्रास मला रंगाच्या वासापेक्षा, जागरणापेक्षा, व्याजापेक्षा जास्त झाला. दुसऱ्या कोणाला तो एवढा होणारही नाही. स्वभावाचा भाग आहे.

आता नोकरी. ती काही सोन्याची नाही. पहिली काही वर्षं बहुतेकांना ठेकेदाराकडेच काढावी लागतात. पाळी दर आठवड्याला फिरते, आणि रात्रपाळीची सवय होईपर्यंत सकाळची येते. बदलीचा माणूस आला नाही की ‘थांब जरा’ म्हणजे सोळा तास. कायद्याने जादा तासांना दुप्पट दर आहे, पण हजेरीत ते तास चढले का, हे रोजच्या रोज बघावं लागतं. ठेका बदलला की काही ठिकाणी नवा यूएएन, म्हणजे पीएफचा खातेक्रमांक, काढतात. तो काढू देऊ नका, जुनाच नंबर लावायला सांगा. नाहीतर पीएफ दोन-तीन तुकड्यांत पडतो, आणि पेन्शनसाठी लागणारी दहा वर्षं जोडताना हेलपाटे तुमचे. पगारपत्रकावर तुमचे बारा टक्के कापलेले दिसले म्हणून खुश होऊ नका, पासबुकात मालकाचा वाटा दर महिन्याला येतोय का ते मोबाइलवर बघा. पगार २१ हजारांच्या आत असेल तर ईएसआयसीचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्ड पहिल्याच महिन्यात मागून घ्या. घरच्यांचाही दवाखाना त्यावर होतो. कारखान्यात कंबर धरली तर तो खर्च आपल्याच खिशातून, हे या तुलनेत कोणी धरत नाही.

पगार थोडा असेल, पण तो मागायला फोन करावा लागत नाही. माझ्यापुरता हिशेब इथेच मिटला.

तरीही काही जणांना मी कारखानाच घ्या म्हणेन. शेड स्वतःची आहे, घरात दोन माणसं आखणीपर्यंतचं काम जाणतात, साचे स्वतःच्या मॉडेलवरून काढलेले आहेत, बाजारातले नाहीत, आणि मुख्य म्हणजे निदान शंभर-दीडशे घरं गिऱ्हाईक म्हणून बांधलेली आहेत जी दरवर्षी स्वतःचा पाट आणून ठेवतात आणि पैसे देऊन मूर्ती नेतात. अशा घराने व्यापाऱ्याला फक्त कच्चा माल द्यावा, रोखीने. परदेशचा माल पावसाआधी बोटीने जातो, पैसेही लवकर येतात, पण मधला दलाल कोण आहे ते बघून. भांडवलासाठी केंद्राच्या पीएम विश्वकर्मा या कारागिरांच्या योजनेत मूर्तिकार बसतो: पाच टक्के व्याजाने आधी एक लाख, ते फेडल्यावर दोन लाख. ती योजना स्वयंरोजगारवाल्यांसाठी आहे आणि घरातल्या एकालाच मिळते, तेव्हा कोणाच्या नावावर घ्यायची ते आधी ठरवा. यातलं निम्मंही जुळत नसेल, तर निदान माल स्वतःचा ठेवू नका असं मला वाटतं.

कारण नोकरी धरली म्हणून हात सोडावा लागत नाही. हंगामात चांगला आखणीवाला मिळत नाही, आणि त्याला नगावर पैसे मिळतात, आठवड्याच्या आठवड्याला. मूर्ती तुटो, उरो, परत येवो, तुमचे डोळे मोजून झालेले असतात. दोन गोष्टी मात्र पाळा. रात्रपाळी करून आल्यावर डोळ्यांना हात लावू नका, झोप काढून दुपारनंतर बसा. थकलेला हात पापणीची रेघ मध्येच मोडतो. आणि रजा मागताना सणाचे दिवस मागू नका. ते पाच दिवस अख्ख्या रायगडाला हवे असतात आणि साहेब वैतागलेला असतो. तुम्हाला हवा तो आधीचा पंधरवडा. जो सणाला घरी जाणार आहे त्याच्याशी पाळ्या बदलून घ्या: चतुर्थीपासून गौरीविसर्जनापर्यंत त्याच्या पाळ्या तुम्ही करा, आधीच्या दिवसांत तुमच्या तो करेल. जुलैतच बोलून ठेवा, ऑगस्ट उजाडला की असा माणूस दुसऱ्या कोणीतरी गाठलेला असतो.