सहा इंची डॉब्सोनियन दुर्बीण, बेळगावात वर्षभर वापरल्यावर

2024 च्या दिवाळीत घेतलेली, आता वर्ष झालं. घ्यायच्या आधी मी बरंच शोधलं पण आपल्याकडच्या पावसात, दमट हवेत ही कशी टिकते हे कुणी लिहिलेलं सापडलं नाही म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आरसा 150 मिमी, फोकल लेंग्थ (आरशापासून चित्र जुळतं तिथपर्यंतचं अंतर) 1200 मिमी, सोबत 25 आणि 10 मिमीचे आयपीस (डोळा लावायची भिंगं), 1200 ला त्यांनी भागलं की 48 पट आणि 120 पट मोठं दिसतं. याच्या आधी मी बॉक्सवर 525 पट लिहिलेली छोटी तिवईवाली घेतली होती, ते पैसे पाण्यात गेले, हात लागला की चंद्र थरथरायचा आणि पट वाढवलं की नुसता पिवळट डाग. पट बघून दुर्बीण घेऊ नका, आरसा केवढा आहे ते बघा. इंचाला फार तर 50 पट धरायचे, त्याच्यावर गेलं की चित्र मोठं होतं पण स्पष्ट होत नाही.

डॉब्सोनियन म्हणजे लाकडी पेटीवर तोफेसारखी ठेवलेली नळी, मोटर वगैरे काही नाही, हातानं ढकलायची. 120 पटीवर गुरू लावला की दीडेक मिनिटात या कडेनं त्या कडेला जातो, पृथ्वी फिरतेय हे मला तेव्हा खरं कळलं. वजन सोळा-सतरा किलो, टेरेसवर न्यायला दोन खेपा. माझ्याकडं आली तेव्हा आरसा हललेलाच होता, तारा शेपटीवाला दिसायचा, विकणाऱ्यानं फोनच उचलला नाही. मागचे तीन स्क्रू थोडे थोडे फिरवून मी स्वतः शिकलो, महिना गेला. आता खानापूरला गाडीतून नेली की पोचल्यावर पहिलं काम तेच.

खानापूरला का, तर बेळगावच्या टेरेसवरनं चंद्र, गुरू, शुक्र झकास दिसतात पण तेजोमेघ (आकाशातला वायू-धुळीचा ढग) बघायचा तर अंधारच पाहिजे. डिसेंबरात तिकडं पाहुण्यांच्या शेतावर लावली होती. मृगाच्या तीन चांदण्यांच्या जरा खाली तो मोठा तेजोमेघ आहे, सुमारे 1300 प्रकाशवर्षं लांब, फोटोतल्यासारखा गुलाबी दिसत नाही, राखाडी धुरासारखा दिसतो, पण मधोमध चार बारीक तारे असे टोचल्यासारखे स्पष्ट. शेजारचे एक मामा, सत्तरीतले, डोळा लावून गप्पच राहिले. मग म्हणाले, "मिरग म्हणतोस ह्याला? मिरग निघाला की आम्ही पेरतोय, आणि हे तर थंडीत वर येतंय, असं कसं रे?"

मी त्यांना जमिनीवर काडीनं काढून दाखवलं. जूनच्या 7-8 तारखेला सूर्यच मृग नक्षत्रात जातो, म्हणजे ते तारे सूर्याबरोबर उगवतात आणि त्याच्याबरोबरच मावळतात, दिसणार कुठनं. सहा महिन्यांनी पृथ्वी पलीकडच्या बाजूला गेली की तेच तारे संध्याकाळी पूर्वेला येतात. मामा म्हणाले, "म्हणजे पेरताना ते डोक्यावरच असतंय की, उजेडात दिसत न्हाई एवढंच." वर्षभरात एवढं नेमकं मला कुणी सांगितलं नाही.

मुलांचा प्रश्न मात्र ठरलेला, विक्रम दिसतंय का? नाही दिसत. या आरशातून चंद्रावरचं दीड-दोन किमीपेक्षा लहान काही ओळखू येत नाही आणि लँडर दोन-तीन मीटरचा. पण जागा दाखवता येते. 23 ऑगस्ट 2023 ला चांद्रयान-3 उतरलं ते साधारण 69 अंश दक्षिणेला, ध्रुवावर नव्हे, ध्रुव तिथनं अजून सहाशेएक किमी लांब. खालच्या बाजूला मॅन्झिनस नावाचं विवर शोधायचं, त्याच भागात. (या दुर्बिणीत चंद्र उलटा दिसतो, ते ध्यानात ठेवा.) पौर्णिमेला बघू नका, सावल्याच नसतात, सगळं सपाट, अष्टमीच्या आसपास विवरांच्या कडा उभ्या राहतात.

शनीनं यंदा पोरांना नाराज केलं. मार्च 2025 मध्ये कडी पृथ्वीच्या बरोबर रेषेत आली, असं साधारण पंधरा वर्षांनी होतं, त्यामुळं सप्टेंबरातसुद्धा गोळ्यातून सुई आरपार गेल्यासारखी नुसती रेघ. मला स्वतःला ते फार आवडलं. पुढच्या वर्षांत कडी उघडत जातील.

सूर्यासाठी नळीच्या तोंडावर, म्हणजे पुढं बसणारा सोलर फिल्टर वेगळा घेतला. इस्रोचं आदित्य-एल1 यान पृथ्वीपासून पंधरा लाख किमीवरनं ज्या सूर्याकडं बघतंय त्यावरचे डाग आपल्या टेरेसवरनं दिसतात. फिल्टर दर वेळी उन्हाकडं धरून भोक पडलंय का बघायचं, आणि पोरांना एकटं सोडायचं नाही, क्षणात डोळा जाईल.

आता पाऊस. जून ते सप्टेंबर ती जवळजवळ बंदच होती. आयपीस हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवले, नळीची दोन्ही तोंडं झाकली, तरी एका आयपीसवर बुरशीचा ठिपका आलाच, जेल वेळेवर बदललं नव्हतं. आरसा पुसू नका, धूळ चालते, ओरखडा चालत नाही. 7 सप्टेंबरच्या खग्रास चंद्रग्रहणाला ढग येत-जात होते, रात्री बाराच्या सुमाराला दहा मिनिटं उघडलं, तांब्याच्या रंगाचा चंद्र, तेवढ्यात गल्लीतली वीसेक माणसं रांगेनं बघून गेली.

आपण दक्षिणेला असल्याचा फायदा एप्रिल-मेमध्ये कळतो, ओमेगा सेंटॉरी हा ताऱ्यांचा गुच्छ आपल्याकडं 26 अंशांपर्यंत वर येतो. 48 पटीला रवा सांडल्यासारखा दिसतो. यंदा राजहंसगडावर नेऊन बघायचा विचार आहे, मामांना पण घेऊन जाणार.