लोकप्रशासन विभागाची उद्धरणे मोजायची कुठे: गुगल स्कॉलर की स्कोपस?

एखाद्या लेखाचा इतरांनी आपल्या लेखनात दिलेला संदर्भ म्हणजे उद्धरण. सांगली-साताऱ्यातल्या लोकप्रशासन विभागाचा ती मोजायला रोजचा उपयोग गुगल स्कॉलर या शोधसेवेचाच. ते फुकट आहे आणि मराठी लेख, पुस्तके, प्रबंध यांतली उद्धरणेही धरते. सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिकेच्या घरपट्टीवरचा मराठी लेख स्कोपस या उद्धरणांच्या डेटाबेसमध्ये सापडणे कठीण, कारण तिथे निवडलेली नियतकालिके, पुस्तके आणि परिषदांचे लेखच येतात.

पण स्कॉलर लेखकाच्या खात्यात आपोआप लेखांची भर घालते, तिथेच घोळ होतो. 'एस. पाटील' नावाच्या प्राध्यापकांच्या खात्यात साखरेच्या रसायनशास्त्रावरचा लेख येऊन बसतो आणि एच-निर्देशांक (एच इतक्या लेखांना प्रत्येकी किमान एच उद्धरणे, असा सर्वांत मोठा आकडा) फुगतो. म्हणून सेटिंगमध्ये आपोआप भर बंद करून 'आधी ईमेलने विचारा' हा पर्याय निवडावा. एकच लेख दोनदा दिसला तर दोन्हींवर खूण करून 'मर्ज' करावे. परका लेख सरळ काढावा.

स्कोपसचा त्रास उलटा. महाविद्यालयाचे नाव तीन लेखांत तीन तऱ्हांनी लिहिले की लेख विखुरतात आणि आकडा कमी दिसतो. नावाचे एकच इंग्रजी स्पेलिंग विभागाने ठरवून घ्यावे. लेखकाची दोन खाती झाली असतील तर ती जोडण्याची विनंती करता येते.

उद्धरणे १८, ९, ६, ४, १ असतील तर एच-निर्देशांक ४, आय-१० (किमान दहा उद्धरणे मिळालेल्या लेखांची संख्या) मात्र १. हेच पाच लेख स्कोपसमध्ये बहुधा कमी भरतील. एकाच तक्त्यात दोन्हींचे आकडे मिसळू नयेत. प्रत्येक आकड्याशेजारी स्रोत आणि पाहिल्याची तारीख हवीच.

विद्यापीठाच्या नॅक (उच्च शिक्षणसंस्थांचे मूल्यांकन करणारी परिषद) अहवालाला स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्स यांसारख्या निवडक डेटाबेसचा आकडा लागत आला आहे. तिथे स्कॉलर चालत नाही.