शनिवारची बँक सोडून अकरा महिने झाले

माझी नोकरी सोमवार ते शुक्रवार, त्यामुळे बँकेची कामं शनिवारवर. पण शनिवार म्हणजे सगळे शनिवार नव्हेत. 1 सप्टेंबर 2015 पासून दुसरा आणि चौथा बंद, बाकीच्या शनिवारी पूर्ण दिवस बँक. कागदावर हिशोब चोख होता, पूर्वीचे चार अर्धे शनिवार म्हणजे आता दोन पूर्ण. प्रत्यक्षात महिनाभर खोळंबलेली सगळी नोकरदार मंडळी पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी एकाच रांगेत. गेल्या डिसेंबरात अशाच एका तिसऱ्या शनिवारी पासबुकात एन्ट्री मारून घ्यायला पाऊण तास उभी होते. माझ्यापुढे दोन माणसं उरली आणि मशीनने कागद गिळला. घरी येता येता ठरवलं, आता बास. जे होईल ते फोनवर, जे होणार नाही ते लांबणीवर.

2025 च्या जानेवारीपासून तसंच चाललंय. हा कुठल्या एका अ‍ॅपचा रिव्ह्यू नाही. मी तीन वापरली, तिन्हींवर आलटूनपालटून चिडले.

आधी जे उत्तम चाललं ते सांगते. पैसे पाठवणं. एनईएफटी 16 डिसेंबर 2019 पासून आणि आरटीजीएस 14 डिसेंबर 2020 पासून चोवीस तास, सुट्टीच्या दिवशीही चालू आहे, हे मला माहीत होतं, पण शनिवारची सवय सुटेपर्यंत मी कधी वापरलं नव्हतं. फेब्रुवारीत एका रविवारी रात्री साडेदहाला, डाळीला फोडणी देता देता, भावाला तीन लाख आरटीजीएस केले. फोडणी जळायच्या आत त्याचा फोन आला, ‘आले गं.’ याच कामाला पूर्वी आमचे बाबा अर्धी रजा टाकायचे, शिवाय शाईचं पेन आणि गंभीर चेहरा. एफडी काढणं, मोडणं, स्टेटमेंट, विम्याचा हप्ता, यातल्या एकाही गोष्टीसाठी मला शाखेची आठवण झाली नाही. यूपीआयबद्दल तर काय सांगायचं. ऑगस्ट 2025 मध्ये एका महिन्यात 2,000 कोटींच्या वर व्यवहार झाले, त्यातले निदान शंभरएक माझ्या दूध, भाजी आणि रिक्षाचे असतील.

पहिला दणका 12 एप्रिलला बसला. शनिवार, तोही दुसरा. सकाळी औषधाच्या दुकानात उभी होते, बिल 640 रुपये. स्कॅन केलं, पिन टाकला, आणि ते गोल फिरत राहिलं. दुसरं अ‍ॅप उघडलं, तेच. माझ्या मागच्या काकांचंही तेच, त्यांच्या मागच्या मुलीचंही. दुकानदार काउंटरवरच्या त्या बोलणाऱ्या डब्याकडे बघत होता, एरवी दर मिनिटाला ओरडणारा तो डबा गप्प. त्या दिवशी देशभरच यूपीआय अडखळलं होतं, पण दुकानात उभं असताना प्रत्येकाला वाटतं आपलाच फोन बिघडलाय. माझ्या पर्समध्ये 140 रुपये होते. कोपऱ्यावरच्या एटीएमचं शटर अर्धं खाली. बँक बंद. दुकानदार ओळखीचा म्हणून म्हणाला, ‘ताई, घेऊन जा, नंतर द्या.’ अनोळखी गावात असते तर?

त्या दिवसापासून घरात स्टीलच्या एका डब्यात दीड हजार रुपये असतात, शंभर-शंभरच्या नोटांत. या नोटा जमवणं हेही एक काम आहे. बहुतेक एटीएममधून पाचशेचीच नोट हातात पडते. रिझर्व्ह बँकेने 30 सप्टेंबर 2025 पर्यंत 75 टक्के एटीएममध्ये निदान एका खणात शंभर किंवा दोनशेच्या नोटा ठेवायला सांगितलं होतं, आणि खरं सांगायचं तर आमच्या बाजूला आता फरक जाणवतो. फुकटचे व्यवहार संपले की मात्र 1 मेपासून प्रत्येक वेळी 23 रुपयांपर्यंत, वर कर.

दुसरा प्रसंग जास्त शिकवून गेला. 12 जुलै, पुन्हा दुसरा शनिवार (या बारा तारखांचं माझ्याशी काय वाकडं आहे कळत नाही). भाचीच्या वसतिगृहाचे 18,000 भरायचे होते, शेवटची तारीख तीच. खात्यातून पैसे कापल्याचा मेसेज आला. वसतिगृहाच्या पोर्टलवर ‘पेमेंट अयशस्वी’. अ‍ॅपमध्ये पिवळं घड्याळ आणि ‘प्रलंबित’. बँकेच्या हेल्पलाइनवर नऊ मिनिटं बासरी ऐकली. मग एका मुलाने फार नम्रपणे सांगितलं की मॅडम, तक्रार नोंदवून घेतो, पण माहिती कामाच्या दिवशीच मिळेल. चॅटबॉटला विचारलं तर तो म्हणाला, कृपया आपल्या शाखेत या. शाखेत. शनिवारी. कुलपाशी बोलायला.

शेवटी दुसऱ्या खात्यातून पुन्हा 18,000 भरले. म्हणजे चार दिवस माझे 36,000 बाहेर. पहिले पैसे बुधवारी परत आले. मी नियम शोधून वाचला. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकाप्रमाणे दुकानाला किंवा संस्थेला केलेलं यूपीआय पेमेंट अडकलं, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते आपोआप परत यायला हवं. त्यानंतर उशीर झाला तर दिवसाला 100 रुपये भरपाई, आणि तीही न मागता. माणसाने माणसाला पाठवलेल्या पैशांसाठी मुदत एकच दिवस. माझे पैसे मुदतीच्या एक दिवस आधी आले. म्हणजे नियमाने कुणाचीच चूक नव्हती, आणि माझ्याकडे दुसरं खातं नसतं तर भाचीची जागा गेली असती.

ऑनलाइन बँकिंगचं कौतुक करणाऱ्या बहुतेक लोकांचं अजून काही अडलेलं नसतं, असं माझं मत तेव्हापासून झालंय. पैसे रविवारी रात्री अकरालाही जातात. गेलेले पैसे कुठे अडकले हे सांगणारा माणूस सोमवारी सकाळी दहाला येतो. हे मधले दीड-दोन दिवस तुमचे, त्यांचे नव्हेत.

ऑक्टोबरातला किस्सा मात्र सर्वस्वी माझ्या वेंधळेपणाचा. 4 ऑक्टोबरपासून चेक त्याच दिवशी वटणार, अशा बातम्या आल्या होत्या. तो पहिला शनिवार होता, बँक चालू. मला एका कामाचे पैसे चेकने मिळाले होते, मी हौसेने त्याच दिवशी सकाळी पेटीत टाकला. वर्षभरातली शाखेच्या सर्वात जवळची माझी ती भेट, बाहेरच्या पेटीपर्यंत. संध्याकाळ झाली, पैसे नाहीत. नवी यंत्रणा, पहिलाच दिवस, चालायचंच. दुसऱ्या दिवशी पाच तारीख, घराच्या कर्जाचा हप्ता. मी मनात म्हटलं, उद्या रविवार आहे, हप्ता काही कापत नाहीत, सोमवारी बघू. हे बाबांच्या काळातलं गणित. 1 ऑगस्ट 2021 पासून हप्ते कापणारी यंत्रणा रविवारीही चालते, आणि हे मी वाचलेलंही होतं. रविवारी सकाळी चहाआधीच मेसेज, शिल्लक अपुरी, हप्ता परत. दंड, दंडावर जीएसटी. चेकचे पैसे आले मंगळवारी. दंड माफ करा म्हणून अर्ज करायचा तर तो कुठे? शाखेत.

फोन बदलणार असाल तर एक गोष्ट आधीच माहीत असू दे. नव्या फोनवर यूपीआय चालू केलं की पहिले चोवीस तास 5,000 रुपयांचीच मर्यादा असते. चोरांपासून बचाव म्हणून ती ठीकच आहे, पण फोन बुधवारी बदला, शनिवारी नको. यूपीआय लाइटमध्ये, म्हणजे छोट्या खर्चांसाठी अ‍ॅपमध्ये आधीच भरून ठेवायच्या पाकिटात, पैसे असतील तर ते आधी काढून घ्या. ते लाइट मला यातलं सर्वात आवडलं. हजारापर्यंतचं पेमेंट पिनशिवाय, आत जास्तीत जास्त 5,000, आणि पासबुकात पन्नास चहांच्या पन्नास ओळी येत नाहीत. बँकेचा सर्व्हर रडत असला तरी सहसा चालतं.

आता आई. ती वेगळ्या गावी एकटी राहते, वय 71. तिचा शनिवारचा बँकेचा कार्यक्रम शेजारच्या मावशींबरोबर असायचा. पासबुक, मग देऊळ, मग भाजी. तो बंद करून मी तिला यूपीआय सर्कलमध्ये घेतलं. म्हणजे तिने स्कॅन करायचं आणि माझ्या फोनवर विचारणा आली की मी पिन टाकायचा. कल्पना झकास. प्रत्यक्षात मी मीटिंगमध्ये, भाजीवाला थांबलेला, आणि आई फोन कानाला लावून, ‘अगं, मेथीचे तीस रुपये दे ना लवकर, मागे लोक आहेत!’ दोन आठवडे हे चाललं. मग ती म्हणाली, ‘मी तुला इतकी वर्षं पैसे दिले ते विचारून दिले का?’ आणि पुन्हा नोटा वापरायला लागली. मी वाद घातला नाही.

नोव्हेंबरातला हयातीचा दाखला मात्र घरबसल्या झाला. बाबांच्या मागे तिला फॅमिली पेन्शन आहे, दरवर्षी त्यासाठी बँकेत बाकड्यावर बसून राहावं लागायचं. यंदा जीवन प्रमाण फोनवरच, चेहरा दाखवून. फोन सारखा सांगायचा डोळ्यांची उघडझाप करा, आणि आई एक डोळा मिटायची. चौथ्या प्रयत्नात जमलं. तिला आनंद झाला, पण संध्याकाळी म्हणाली, ‘तिथे निदान चार माणसं भेटायची.’

बँक कर्मचाऱ्यांच्या पाच दिवसांच्या आठवड्याची मागणी कानावर असेलच. मार्च 2024 मध्ये त्यांच्या संघटना आणि बँकांची संघटना यांच्यात सगळे शनिवार बंद ठेवण्यावर समझोता झाला, सरकारच्या मंजुरीच्या अटीवर. मला स्वतःला दर शनिवारी सुट्टी असते, मग काउंटरच्या पलीकडच्या बाईला का नको? राज्य सरकारची कार्यालयंही 2020 पासून शनिवारी बंदच असतात. माझी तक्रार सुट्टीवर नाहीच. सगळे शनिवार बंद करा, पण अडकलेल्या पैशांबद्दल बोलायला, ज्याला काहीतरी करायचा अधिकार आहे असा एक माणूस फोनवर ठेवा. बासरी नको.

फसवणुकीबद्दल थोडंसं, कारण सुट्टीच्या दिवशी माणूस हातपाय गाळतो. 1930 हा सायबर फसवणुकीची तक्रार करायचा नंबर फोनमध्ये आत्ताच घालून ठेवा, सोमवारची वाट बघू नका. बँकेला तीन दिवसांत कळवलं तर, तिसऱ्याच कुणीतरी केलेल्या घोटाळ्याचा भुर्दंड आपल्यावर येत नाही, हा 2017 चा नियम. त्यातले दिवस कामाचे मोजतात, म्हणजे इथे सुट्टी चक्क आपल्या बाजूने आहे. पण ओटीपी स्वतःच सांगून बसलात तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलंच.

कुणी विचारलं तर मी शनिवारची बँक सोडा म्हणेन, पण दोन वेगळ्या बँकांत खाती असतील तरच, आणि हप्त्याचे पैसे तीन दिवस आधी खात्यात ठेवायची शिस्त असेल तर. एकच खातं आणि महिनाअखेरीला खडखडाट, अशांनी रांगेतच बरं.

लांबणीवर टाकलेल्या कामांचा मात्र ढीग झालाय. लॉकर वर्षभर उघडलेला नाही. आईच्या खात्यावरचा मोबाइल नंबर बदलायचाय, त्याला सही लागते. दंडमाफीचा अर्ज आहेच. येत्या सहा तारखेला पहिला शनिवार येतोय, आईही इकडे आलीय. दहाला दोघी जाणार आहोत. तिने आत्तापासून पिशवीत पासबुक घातलंय, आणि घरचं एक पेन, कारण तिथलं सुतळीला बांधलेलं पेन उमटत नाही.