पीएस४चा कंट्रोलर पीसीवर: सहा-सात महिने वापरल्यानंतर

आधी निकाल सांगते, मग बाकीचं. पीएस४चा म्हणजे सोनीच्या प्लेस्टेशन ४चा कंट्रोलर, ड्युअलशॉक ४, विंडोज पीसीवर मस्त चालतो, मी सहा-सात महिने जवळपास रोज वापरतेय आणि आता कीबोर्डवर फुटबॉल किंवा रेसिंग खेळायची इच्छाच होत नाही. पण बरेच जण "जोडला, दिवा लागला, तरी गेममध्ये काहीच होत नाही" म्हणून कंटाळून तो परत ड्रॉवरमध्ये टाकतात. त्यांच्यासाठीच मुख्यतः लिहितेय, कारण कंट्रोलर पीसीला जोडला जाणं आणि गेमला तो कळणं या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आणि हे एकदा डोक्यात बसलं ना की अर्धी डोकेदुखी तिथेच संपते.

माझ्याकडे आला तो असा की दादाने पीएस५ घेतला, जुना पीएस४ पोरांकडे गेला आणि एक जादाचा कंट्रोलर उरला. २०१६नंतरचं मॉडेल आहे, ओळखायची खूण म्हणजे टचपॅडच्या वरच्या कडेला दिव्याची बारीक पट्टी दिसते, २०१३च्या पहिल्या मॉडेलला ती नव्हती. पीसी साधा डेस्कटॉप, विंडोज ११.

केबल लावली की विंडोज त्याला लगेच ओळखतं. खात्री करायची असेल तर रनमध्ये (विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबली की उघडणारी चौकट) जॉय डॉट सीपीएल (joy.cpl) टाका, एक छोटी जुनाट विंडो उघडते, त्यात "वायरलेस कंट्रोलर" असं नाव दिसतं, प्रॉपर्टीजमध्ये गेलात की डावी स्टिक फिरवाल तशी चौकोनातली अधिकची खूण फिरते आणि बटण दाबलं की लाल गोळा पेटतो. इथपर्यंत आलात म्हणजे जोडणी झाली, केबल ठीक, कंट्रोलर ठीक. आता गेम चालू करा आणि बऱ्याच गेममध्ये ढिम्म काही होणार नाही. कारण मायक्रोसॉफ्टने २००५मध्ये एक्सबॉक्स ३६० काढला तेव्हा एक्सइनपुट नावाची पद्धत आणली, आणि तेव्हापासून पीसीचे बहुतेक गेम तीच पद्धत धरून बनतात. गेम एक्सबॉक्सचा कंट्रोलर शोधत असतो. सोनीचा कंट्रोलर त्या पद्धतीने बोलतच नाही, त्यामुळे तो समोर असून गेमला दिसत नाही. म्हणजे मधे कोणीतरी दुभाषी लागतो.

दुभाषी दोन आहेत, स्टीम म्हणजे पीसीवर गेम विकत घेऊन चालवायचा प्रोग्राम, आणि डीएस४विंडोज (DS4Windows) नावाचा वेगळा छोटा प्रोग्राम. माझं ठाम मत, एका वेळी एकच वापरा.

गेम स्टीमवर असेल तर दुसरं काही डाउनलोडच करू नका. स्टीमच्या सेटिंग्जमध्ये कंट्रोलरच्या पानावर प्लेस्टेशन कंट्रोलरसाठी स्टीम इनपुट चालू करायचा पर्याय आहे, तो चालू केला की झालं. दुसऱ्या ठिकाणचा गेम असेल तर "नॉन-स्टीम गेम" म्हणून लायब्ररीत टाकून तिथूनच सुरू करता येतो, बऱ्याच गेमना एवढं पुरतं. पण एक्सबॉक्स अ‍ॅपवरून घेतलेल्या म्हणजे गेम पासच्या गेमवर ही युक्ती नीट चालत नाही, तिथे डीएस४विंडोज लागतंच. ते फुकट आहे, व्हायजेमबस नावाचा ड्रायव्हर वापरून विंडोजमध्ये एक खोटा एक्सबॉक्स ३६० कंट्रोलर उभा करतं आणि तुमची बटणं त्याच्यामार्फत गेमला देतं. त्या ड्रायव्हरचं पुढचं काम २०२३मध्ये बंद झालं, पण माझ्याकडे आजही बिनतक्रार चालतोय. फक्त डाउनलोड गिटहबवरून, म्हणजे प्रोग्राम बनवणारे आपलं काम ठेवतात त्या साइटवरून करा, सर्चमध्ये सारख्या नावाच्या चिक्कार साइट वर येतात त्यांच्या नादी लागू नका.

आता डबल इनपुट. हा त्रास इतका कॉमन आहे आणि इतका विचित्र वाटतो की लोकांना कंट्रोलरच बिघडला असं वाटतं. मेनूमध्ये खालचं बटण एकदा दाबता आणि सिलेक्शन दोन घरं खाली जातं. पॉज दाबलं की पॉज होऊन लगेच उठतं. फुटबॉलमध्ये मेनूत टीम निवडताना हवी ती टीम सोडून पलीकडची येते. होतं काय, की गेमला दोन कंट्रोलर दिसत असतात, एक खरा सोनीचा आणि एक डीएस४विंडोजने बनवलेला खोटा, आणि तुमचं एक बटण दोघांकडून पोचतं. स्टीम इनपुट आणि डीएस४विंडोज दोन्ही चालू असले तरी तेच. यावर उपाय म्हणजे हिडहाइड (HidHide) नावाचा प्रोग्राम, तो खऱ्या कंट्रोलरला बाकीच्या प्रोग्रामपासून लपवतो. त्याच्या अ‍ॅप्लिकेशनच्या यादीत डीएस४विंडोज टाकायचं म्हणजे त्याला तेवढा कंट्रोलर दिसत राहतो, डिव्हाइसच्या यादीत कंट्रोलरवर टिक करायची, खाली लपवायचा पर्याय चालू करायचा आणि मग कंट्रोलर एकदा काढून परत जोडायचा. ही शेवटची पायरी सोडली तर काहीच फरक पडल्यासारखा वाटत नाही. आणि हेही लक्षात ठेवा, हिडहाइड चालू असताना स्टीमलाही खरा कंट्रोलर दिसत नाही, त्यामुळे स्टीमवर खेळायचं त्या दिवशी मी ते बंद करते आणि डीएस४विंडोजही बंद.

ब्लूटूथ. शेअर आणि पीएस ही दोन बटणं एकत्र दाबून धरायची, दिवा भराभर लुकलुकायला लागला की सोडायची, मग विंडोजमध्ये अ‍ॅड डिव्हाइस. विंडोज ११मध्ये कधीकधी यादीत नावच येत नाही, तेव्हा ब्लूटूथच्या सेटिंग्जमध्ये डिव्हाइस डिस्कव्हरी "डिफॉल्ट"वरून "अ‍ॅडव्हान्स्ड" करा, लगेच दिसतो. माझ्या डेस्कटॉपला ब्लूटूथ नाही म्हणून मी पुण्यातल्या तपकीर गल्लीतून यूएसबीला लावायचा एक साधा ब्लूटूथ डोंगल आणला, आणि पहिले काही दिवस खेळताना मधेच इनपुट अडकायचं, म्हणजे प्लेअर पळतोय तो स्टिक सोडली तरी पळतच राहतो, सरळ मैदानाबाहेर. दोष डोंगलचा वाटेल पण खरं कारण जागा असते. कॅबिनेटच्या मागे, लोखंडी पत्र्याच्या आड, शेजारी यूएसबी ३च्या पोर्टला एक्स्टर्नल हार्ड डिस्क. यूएसबी ३मुळे २.४ गिगाहर्ट्झमध्ये अडथळा येतो, इंटेलनेच २०१२मध्ये यावर पेपर काढला होता, आणि ब्लूटूथ नेमकं त्याच २.४वर चालतं. मीटरभर यूएसबी एक्स्टेन्शन केबल लावून डोंगल टेबलावर मॉनिटरपाशी आणला, वायफाय ५ गिगाहर्ट्झवर टाकलं, आणि त्यानंतर अडकणं जवळपास गेलंच. महागडा डोंगल घ्यायच्या आधी ही केबल घेऊन बघा प्लीज.

तरी पण मॅच सिरियस असेल तर मी केबलच लावते. मायक्रो यूएसबी आहे, घरात पडलेल्या केबल चालतात पण त्यातल्या कितीतरी फक्त चार्जिंगच्या असतात, आत डेटाच्या तारा नसतात, कंट्रोलर चार्ज होतो पण पीसीला पत्ता नाही. दुकानात डेटा केबल असं स्पष्ट सांगून घ्या. केबल लावल्यावर अजून एक गंमत होते, स्पीकरचा आवाजच जातो. कंट्रोलरला हेडफोनची पिन आहे ना, विंडोज त्यालाच साउंड डिव्हाइस समजून आवाज तिकडे वळवतं. खाली टास्कबारवर स्पीकरच्या आयकॉनमधून परत आपला स्पीकर निवडायचा, किंवा साउंड सेटिंग्जमध्ये कंट्रोलरचं आउटपुट कायमचं बंद करून टाकायचं, मी तेच केलंय.

बॅटरी हा याचा कमकुवत मुद्दा. १००० एमएएच म्हणजे आजच्या हिशेबाने काहीच नाही, त्यात समोरचा दिवा सतत चालू. पीएस४वर तो मंद करता येतो पण पूर्ण बंद होत नाही, डीएस४विंडोजमध्ये मात्र पार शून्यावर आणता येतो. तिथेच काही मिनिटं हात लावला नाही तर आपोआप डिस्कनेक्ट करायचा पर्यायही आहे, तो नक्की लावा, नाहीतर गेम बंद करून तुम्ही जेवायला जाता आणि कंट्रोलर चालूच राहतो. हाताने बंद करायचा तर पीएसचं बटण दहाएक सेकंद दाबून धरायचं.

आता ज्यासाठी मी हा कंट्रोलर सोडणार नाही ती गोष्ट, जायरो. कंट्रोलर हातात थोडा तिरका केला की कळणारा सेन्सर यात आहे, एक्सबॉक्सच्या कंट्रोलरमध्ये तो नाहीच. नेमबाजीच्या गेममध्ये स्टिकने नेम धरणं म्हणजे एक तर अलीकडे नाहीतर पलीकडे, मधे थांबतच नाही. स्टीममध्ये मी असं लावलंय की उजव्या अंगठ्याने टचपॅडला स्पर्श केला की जायरो चालू, अंगठा उचलला की बंद. मोठं वळायचं ते स्टिकने, आणि शेवटचा बारीकसा नेम मनगटाने. सेन्सिटिव्हिटी कमी ठेवून सुरुवात करा, पहिला आठवडा हात भलतीकडे जातो, मग एक दिवस अचानक लक्षात येतं की आपण विचार न करता नेम धरतोय. लांबचा, अर्धा भिंतीआड असलेला शत्रू पहिल्या गोळीत पडला ना, की काय भारी वाटतं! मला माउसवर कधी हे जमलं नव्हतं. हे सगळं कंट्रोलरमध्ये पहिल्यापासून असतं आणि लोक ते कधी चालूच करत नाहीत याचं मनापासून वाईट वाटतं.

एक सवय मात्र करावी लागते. खोटा एक्सबॉक्स कंट्रोलर असल्यामुळे स्क्रीनवर ए, बी, एक्स, वाय दिसतात. ए म्हणजे फुली, बी म्हणजे गोल, एक्स म्हणजे चौकोन, वाय म्हणजे त्रिकोण. यातला एक्स फार फसवतो, कारण आपल्या फुलीच्या बटणाचं चित्रच एक्ससारखं, आणि गेमला हवा असतो चौकोन. एल्डन रिंगमध्ये पीसीवर एक्सबॉक्सचीच चिन्हं येतात. उलट सोनीचे स्वतःचे पीसीवर आलेले गेम, जसं २०२२मध्ये पीसीवर आलेला गॉड ऑफ वॉर, ते हा कंट्रोलर थेट ओळखतात आणि फुली-गोल दाखवतात, तिथे दुभाषी बंद ठेवा.

घरात पीएस४ही असेल तर हे माहीत असू द्या की हा कंट्रोलर एका वेळी एकाच यंत्राची ओळख ठेवतो. सुट्टीत पोरं आली की त्यांना तोच हवा असतो, तेव्हा केबलने पीएस४ला लावून पीएसचं बटण दाबलं की तो परत त्यांचा, आणि ती गेली की मला पीसीला नव्याने पेअर करावा लागतो. कधी अगदीच अडला तर मागे एल२ ट्रिगरपाशी बारीक भोक आहे, त्यात पिन दाबून रिसेट होतो.

झीज म्हणाल तर डाव्या स्टिकचं रबर गुळगुळीत झालंय आणि थोडा ड्रिफ्ट यायला लागलाय, हात न लावता कॅमेरा नाही पण प्लेअर हळूच सरकतो. डीएस४विंडोजमध्ये डेडझोन, म्हणजे स्टिकच्या मधोमधचा जेवढा भाग हलला तरी मोजला जात नाही तो, किंचित वाढवला की थांबतो, पण फार वाढवला तर स्टिकची बारीक हालचाल मरते, त्यामुळे थोडाथोडा वाढवत बघा.

दादाचा पीएस५चा ड्युअलसेन्सही लावून पाहिला. जोडणी तशीच, फक्त शेअरच्या जागी क्रिएट बटण, आणि टाइप-सी पोर्ट, बॅटरी १५६० एमएएच. ट्रिगर दाबताना जो प्रतिकार लागतो तो सायबरपंकसारख्या गेममध्ये पीसीवरही मिळतो आणि फार सुंदर वाटतो, पण सहसा केबल लावली तरच. ज्यांना यातलं काहीच नको, लावला की खेळायचं एवढंच हवं, त्यांनी सरळ एक्सबॉक्सचा घ्यावा, वेगळे पेन्सिल सेल घालावे लागतात आणि जायरो नाही, पण कुठलाच दुभाषी लागत नाही.

सेकंडहँड ड्युअलशॉक घेणार असाल तर लॅपटॉप आणि चांगली डेटा केबल घेऊनच जा, बाजारात हुबेहूब दिसणाऱ्या नकला भरपूर आहेत. वर सांगितलेली विंडो उघडा, दोन्ही स्टिक सोडून दिल्यावर डावीची खूण आणि उजवीच्या पट्ट्या बरोबर मधोमध येतात का बघा, एल२-आर२ हळूहळू दाबून पट्टी सलग भरते का बघा, मग स्टीममध्ये जायरो आणि टचपॅड चालतात का तपासा, नकलांमध्ये बहुतेकदा हेच दोन नीट चालत नाहीत. विकणारा तेवढं बघू देत नसेल तर घेऊ नका.